सस्पेन्स खात्यातला पक्षी

नव्याण्णव या आकड्याने आजवर भल्याभल्यांची झोप उडवली आहे. नव्याण्णववर पोचलेल्या फलंदाजाला इतका वेळ सरळ येणारा चेंडूसुद्धा वळताना दिसू लागतो. शंभर अपराध भरेपर्यंत शिशुपालाचंही तसं बरं चाललं होतं. या थोर मंडळींच्या मानाने माझं प्रकरण अगदीच किरकोळ. माझे फक्त नव्याण्णव पक्षी झाले होते.

झाले म्हणजे पाहून झाले. जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज केली आणि निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. नुसत्या चालणाऱ्या माणसाचे फार हाल असतात. त्याच्यावर कुत्री भुंकतात आणि ओळखीचे लोक त्याला थांबवून गुडघ्यांची चौकशी करतात. गळ्यात दुर्बीण अडकवली की दोघेही चार हात लांब राहतात, असा मला शोध लागला. म्हणून दुर्बीण घेतली. आणि घेतलीच आहे तर वापरावी, या मध्यमवर्गीय विचाराने पक्षी पाहू लागलो. ‘‘चिमण्या मोजायला चाललात का?’’ असं आमच्या घरातून रोज सकाळी विचारलं जातं. मी उत्तर देत नाही. चिमणी पहिल्याच दिवशी मोजून झाली होती.

आमच्या शेजारी एक जाणते पक्षीमित्र राहतात. मी त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी मला सलीम अलींचं पुस्तक दिलं. १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक हातात धरून निम्मा देश पक्षी पाहायला शिकला आहे. पुस्तकाबरोबर गुरुजींनी एक नियमही दिला : ‘‘ओळख पटली तरच वहीत लिहायचं. थोडीही शंका असली तर नाही.’’ मला हा नियम फार आवडला. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हे तर आमचं जन्माचं व्रत!

पहिले साठ पक्षी भराभर झाले. पुढे मात्र तीरचिमण्या आल्या. सगळ्या तीरचिमण्या तपकिरी असतात, सगळ्यांच्या छातीवर रेघा असतात आणि नीट पाहायला गेलं की सगळ्या उडून जातात. त्यांच्यापायी मी दोन वर्षं काढली. असं करत करत २०२२ च्या दसऱ्याला मी नव्याण्णवचा आकडा घेऊन साडूच्या गावी पोचलो.

साडूंचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. ‘तिकडे काय पाहायचं, नुसता माळ!’ असं लोक म्हणतात. म्हणणारे लोक मे महिन्यात गेलेले असतात. माळ पाहावा तो आश्विनात. पाऊस सरलेला असतो, आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतं, कुसळी गवत कमरेला लागतं आणि सकाळच्या उन्हात त्याला सोन्याचा रंग चढतो. शिवाय पाहुणे यायला लागलेले असतात. दिवाळीला लेकी माहेरी याव्यात तसे धोबी पक्षी शेपट्या हलवत बांधावर हजर होतात. मध्य आशियातून आलेला भोवत्या गवतावरून असा खालून खालून फिरतो, की जणू काही पडलेलं शोधतोय. भोरड्यांचे थवे तर दसऱ्याच्या आधीच बाजरीवर उतरलेले असतात.

साडूंच्या लेखी पक्ष्यांच्या जाती दोनच : पीक खाणारे आणि इतर. त्यांच्या आईंच्या लेखीही दोनच : भारद्वाजासारखे शुभ आणि रात्री ओरडणाऱ्या टिटवीसारखे अशुभ. दोघांचं उभं आयुष्य या दोन दोन जातींवर सुरळीत चाललं आहे. मी मात्र शंभराव्या जातीसाठी दसऱ्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून माळावर गेलो.

आणि तो प्रकार घडला.

सूर्य नुकताच वर आला होता आणि तो बरोबर माझ्या समोर होता. अडीचशे पावलांवर गवतातून एक मान वर आली. चांगली उंच. खालची बाजू फिकट, माथा काळा. मी दुर्बीण लावली तर चश्मा मध्ये आला. चश्मा काढला तर दुर्बीण धुकटली. ती पुसून लावली तेव्हा मान एका बाजूला वळली, थांबली आणि गवतात खाली गेली. सगळं मिळून पाच सेकंद. पुढचा पाऊण तास मी गवताकडे पाहत होतो आणि गवत माझ्याकडे. मोबाइलवर फोटोही काढला. त्यात गवत आहे, सूर्य आहे आणि माझा अंगठा फार स्पष्ट आला आहे.

ती मान माळढोकाची असेल का, या विचाराने माझे पाय लटपटले.

माळढोक म्हणजे काही येरागबाळा पक्षी नव्हे. उभा राहिला तर मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. देशाचा राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता तेव्हा सलीम अलींनी माळढोकाची बाजू घेतली होती. १९६३ साली मान मिळाला मोराला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एखादं अक्षर चुकलं तर भलतीच शिवी होते, म्हणून तो मागे पडला, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे. पण एका अक्षरावरून बढती हुकलेले लोक मी बँकेत पाहिले आहेत. आज देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला तरी बातमी होते. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. शिवाय याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. बाजूचं छान दिसतं, समोरचं फारसं दिसत नाही. भारी अंगामुळे चटकन वळताही येत नाही. मग तो विजेच्या तारांवर आदळतो. २०२१ साली राजस्थान-गुजरातेतल्या तारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, इतकी ही तारांची गोष्ट गंभीर आहे.

मी तिथूनच गुरुजींना फोन लावला. गुरुजी एरवी हळू बोलतात. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. ‘‘मान पांढरी होती ना?’’ मी म्हणालो, ‘‘फिकट होती.’’ ‘‘म्हणजे पांढरीच. डोक्यावर काळी टोपी?’’ ‘‘काळं काहीतरी होतं.’’ ‘‘झालं तर! मी आत्ता नोंद कळवतो. तुम्ही फक्त हो म्हणा.’’ आणि खरं सांगतो, त्यांच्याशी बोलता बोलता ती मान पांढरी होत गेली. फोन ठेवेपर्यंत तर परटाकडून आल्यासारखी झाली होती.

मी ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणालो आणि घरी आलो. घरी पुरणपोळी होती. पहिल्या पोळीवर तूप पडत असताना मी बातमी सांगितली. साडूंचा हात जागच्या जागी थांबला.

‘‘माळढोक?’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या माळावर? कुणाला सांगितलं नाही ना?’’

त्यांची भीती पोकळ नव्हती. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात पक्ष्यांबरोबर गावंच्या गावं, शेतं आणि विहिरीही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्या अडल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते क्षेत्र पुष्कळ कमी झालं. पण मधली वर्षं काही कुणी परत आणून दिली नाहीत. साडूंच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी दोन एकर विकायचे होते. विकता आले नाहीत. लग्न कर्जावर झालं.

‘‘साडूभाऊ, राग मानू नका,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही काल आलात, उद्या जाल. आम्हाला इथंच राहायचंय. आता विहिरीला पाणी लागलंय, तो माळाचा तुकडा पुढल्या साली मोडायचाय. अन् मी म्हणतो, लांडोर असंल हो! लांडोरी काय कमी आहेत का इथं?’’

आणि काय सांगू! दुसरी पोळी संपेपर्यंत त्या मानेवर हिरवट झाक आली. डोक्यावरचा काळा भाग थोडा तुऱ्यासारखा दिसू लागला. साक्षीदार फितूर होतो तो पैसे खाऊन, असं मला इतके दिवस वाटत होतं. तो नुसती पुरणपोळी खाऊनही होतो.

दुपारी सगळे झोपले. मी ओसरीवर पडून आढ्याकडे पाहत होतो. एकीकडे दीडशे उरलेले पक्षी. ती मान खरोखरच त्यांच्यातल्या एखाद्याची असली, तर मी गप्प बसणं म्हणजे त्याला तारांच्या आणि नांगराच्या हवाली करणं. दुसरीकडे साडू. ती मान लांडोरीची असली, तर माझ्या शंभराव्या पक्ष्याचा भुर्दंड त्यांनी का भरावा? आणि माळढोक खरा असला तरी त्याचं सगळं ओझं एकट्या साडूंनीच का वाहावं, हा प्रश्न काही सुटत नव्हता. धर्मराजाची आठवण झाली. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता हे काही खोटं नव्हतं. पण ते त्याने अशा बेताने सांगितलं, की ऐकणाऱ्याने हवं ते ऐकावं. तेवढ्यावर जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझा रथ आधीच जमिनीवर आहे. तो आणखी खाली गेला तर चाकं रुततील.

मग लक्षात आलं, की मी भलत्याच प्रश्नाशी झुंजतोय. ‘सांगावं की लपवावं’ हा प्रश्न ज्याला माहीत आहे त्याचा. मला मुळात माहीतच नव्हतं. पण गुरुजींना ‘हो’ हवं होतं, साडूंना ‘नाही’ हवं होतं आणि माझ्या वहीला शंभर हवे होते. ‘माहीत नाही’ हे उत्तर कुणालाच नको होतं. मलाही नको होतं.

अशा वेळी मला बँकेतले आमचे जुने हेडक्लार्क आठवले. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एकदा रात्री आठपर्यंत माझा हिशेब सत्तावीस रुपयांनी जुळेना. शेवटी एक आकडा मी हळूच बदलायला निघालो. त्यांनी माझा हात धरला. ‘‘अरे, जुळत नाही असं लिहिणं ही चूक नव्हे,’’ ते म्हणाले. ‘‘जुळवून दाखवणं ही चूक. सत्तावीस रुपये सस्पेन्स खात्यात टाक. जेवढं कळलंय तेवढं लिही आणि घरी जाऊन जेव. पण लक्षात ठेव, सस्पेन्स खातं म्हणजे अडगळीची खोली नाही. उद्या परत शोधायचं.’’

मी उठलो. वहीचं शेवटचं पान काढलं, वर ‘सस्पेन्स’ असं लिहिलं आणि खाली नोंद केली : अंतर अडीचशे पावलं. वेळ पाच सेकंद. सूर्य समोर. मान उंच, खाली फिकट, माथा काळा. माळढोक, लांडोर किंवा कांडेसर करकोचा. हा तिसरा साक्षीदार मला तेव्हाच आठवला. त्याचीही मान पांढरी असते आणि डोक्यावर काळी टोपी असते. गंमत म्हणजे, सकाळपासून त्याचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नव्हतं. त्याच्यात कुणाचा फायदा नव्हता.

हेच शब्द मी गुरुजींना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘नियम मीच घालून दिला होता, नाही का?’’ आणि फोन ठेवला. नंतर साडूंना वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘‘म्हणजे नाही असं लिहिलं नाहीच तुम्ही.’’ एका दिवसात दोन माणसं नाराज करून मी संध्याकाळी सोनं वाटायला निघालो. माळढोकाच्या जागी लांडोर लिहिली असती तर निदान एक तरी खूश झाला असता.

दुसऱ्या दिवशी साडू मला एस.टी.वर सोडायला आले. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, ‘‘खरं सांगा, होता का हो? लहानपणी आमच्या आण्णांच्या खांद्यावर बसून पाहिला होता मी एकदा. मोठं देखणं जनावर!’’ मी म्हणालो, ‘‘माहीत नाही.’’ या खेपेला मात्र त्या उत्तराचा त्यांना राग आला नाही. उलट जरा बरं वाटलं असावं. ‘नाही’मध्ये काही शिल्लक राहत नाही, ‘माहीत नाही’मध्ये राहतं.

२०२३ च्या दसऱ्याला पुन्हा गेलो. सस्पेन्स खातं तपासणं भागच होतं. त्या वर्षी पाऊस रुसला होता आणि कुसळ गुडघ्याच्या वर गेलं नव्हतं. पण माळाचा तो तुकडा मोडलेला नव्हता. मी काही विचारलं नाही. साडूच म्हणाले, ‘‘दुष्काळाचं गुरांना वैरण म्हणून ठेवलाय.’’ मात्र त्यात गुरांची पावलं कुठे उमटलेली दिसली नाहीत.

या खेपेला पहाटे साडेपाचला तेही माझ्याबरोबर आले. दुर्बीण सगळा वेळ त्यांच्याच गळ्यात होती. सूर्य पाठीशी राहील असे आम्ही दोन तास बसलो. मान काही वर आली नाही. परत फिरताना समोरून एक छोटा धाविक तुरुतुरु पळाला, थांबला, पुन्हा पळाला. तांबूस पोट, डोळ्यावरून पांढरी पट्टी, सगळं स्वच्छ दिसलं. माझा शंभरावा पक्षी. वहीत लिहिला. मोठा आनंद होईल असं वाटलं होतं. झाला तो बेताचाच.

‘‘अन् तो सस्पेन्सवाला?’’ साडूंनी विचारलं.

‘‘सस्पेन्समध्येच आहे.’’

‘‘राहू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘व्याज लागतं का त्याच्यावर?’’

‘‘व्याज नाही. वर्षातून एक चक्कर मारावी लागते.’’

‘‘मग या की पुढल्या साली,’’ साडू म्हणाले आणि दुर्बीण माझ्याकडे न देताच पुढे चालू लागले.