सोबतीची मर्यादा

आजाऱ्याच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "आता पूर्ववत झाला ना?" ताप उतरल्यावर किंवा हाड सांधल्यावर या प्रश्नाला सरळ उत्तर असते. बालपणी मेंदूला इजा झालेल्या मुलाच्या बाबतीत मात्र 'पूर्ववत' म्हणजे काय, येथूनच अडचण सुरू होते. गच्चीवरून पडलेला नऊ वर्षांचा एक मुलगा कल्पावा. काही आठवड्यांनी तो घरी येतो, चालू-बोलू लागतो. पण ऐनवेळी शब्द हुलकावणी देतात, तासाभराच्या अभ्यासाने तो थकून जातो, क्षुल्लक कारणाने संतापतो. आईवडील जीव वाचला म्हणून हात जोडतात. बारा वर्षांच्या बहिणीला मात्र कळत नाही, की आपला भाऊ परत आला आहे की नाही.

भावंडांचे नाते मूलतः बरोबरीचे असते. भांडणे, रुसवे, वाटणीवरून होणारी ओढाताण यांतूनच ते घडते. अपघात ही बरोबरी मोडतो. बहीण अकाली शहाणी होते. त्याच्या बुटाची नाडी बांधते, अडलेले वाक्य पुरे करते, त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देते. या सेवेत माया असते, यात शंका नाही. परंतु जे वाक्य तो अर्ध्या मिनिटाने स्वतः पुरे करणार होता, ते तिने त्याच्यापासून हिरावून घेतलेले असते. साहाय्य कोठे संपते आणि दुसऱ्याच्या जागी आपणच जगणे कोठे सुरू होते, हा येथला खरा नैतिक प्रश्न होय.

कोवळा मेंदू लवकर सावरतो, अशी एक समजूत आहे. मार्गारेट केनार्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांनी तिला बळ मिळाले. पुढील संशोधनाने ती बऱ्याच अंशी मर्यादित ठरवली. संयम आणि नियोजन सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटेपर्यंत घडत राहतो. त्यामुळे बालपणीच्या इजेची उणीव कधी कधी वय आणि जबाबदारी वाढल्यावरच उघडी पडते. म्हणजे ही सोबत महिन्यांची नव्हे, वर्षांची आहे. शिवाय गमावलेले कौशल्य ज्याचे त्यानेच पुनःपुन्हा केलेल्या सरावाने परतते; दुसऱ्याच्या हाताने बांधलेली नाडी त्याला काहीच शिकवीत नाही.

"आमच्यानंतर याचे कसे?" हा आपल्याकडील आईबापांचा घोर अखेरीस भावंडांच्याच खांद्यावर येतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली आहे : ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, परस्परविश्वासावर आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारे. कायद्याच्या रुक्ष भाषेतील हा विवेक घरातही उतरावयास हवा. रहदारीचा रस्ता ओलांडताना हात धरावाच लागतो; पण तेवढ्यासाठी त्याने कोणता सदरा घालावा हे ठरविण्याचा अधिकार मिळत नाही. आणि जी बहीण आपले शिक्षण, आपली मैत्री, आपला संसार पुसून टाकते, ती भावाच्या माथी न फिटणारे ऋणच ठेवते. तिने त्याच्यावर कधी रागवावे, खेळात त्याला हरवावे, त्याच्याकडून हरावे. यात निष्ठुरता नसून त्याच्या माणूसपणाचा आदर आहे.

आपल्या परंपरेत मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांची कथा आहे. लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने ती मोडली नाही. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली. ज्ञानदेवांचे दुःख निराळे होते. बहिणीची रीत मात्र येथेही लागू पडते. आत असलेल्या भावाशी बोलत राहावे, पूर्वीच्या भावाची हाक त्याच्यावर लादू नये, आणि ताटी उघडण्याचे काम त्याच्याच हाती राहू द्यावे.