डॉक्टर भेटेपर्यंतची रात्र

ठाणे

चि. तन्वीस,


छातीच्या दुखण्यातून उठून तुझी गिनी पिग बुंदी परत गवत कुरतडायला लागली, हे तुझ्या आईने कळवलं. ऐकून बरं वाटलं. आता तुझ्या रागाचं बघू. शनिवारी रात्री मी फोनवर तुला फ्रिजमधलं ते गुलाबी सिरप देऊ दिलं नाही, तेव्हा तू फणकारून म्हणालीस, "मग काय मामाआजोबा, सोमवारपर्यंत नुसतं बघत बसायचं?" मी "हो" म्हटलं आणि पुढचे प्रश्न विचारायला लागलो. त्या "हो"मागचं कारण सांगायचं राहून गेलं. पाऊस आता कुठे सुरू झालाय. चिपळूणची हवा आता चार महिने ओलीच असणार, आणि तुमचे डॉक्टर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला. तेव्हा हे कारण तुझ्यापाशी असलेलं बरं.

आधी सिरपचं. बाटलीवरचं नाव तुला वाचायला लावलं ते उगीच नाही. ते अमॉक्सिसिलिन होतं. दादाच्या घशाला त्याने आराम पडला, कुत्र्यामांजरांनाही डॉक्टर ते देतात, म्हणून आईला वाटलं की थेंबभराने काय होतंय. गिनी पिगचं तसं नाही. त्याचं सगळं पचन पोटातल्या जंतूंच्या जिवावर चालतं. मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे त्याला एक भली मोठी पिशवी असते, तिच्यात गवत आंबतं आणि मग अंगी लागतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे गेली की हे आंबवणारे जंतू मरतात आणि क्लोस्ट्रिडियम नावाच्या जंतूला रान मोकळं मिळतं. त्याच्या विषाने जनावर काही दिवसांत दगावतं. छाती राहते बाजूला, जीव पोटाने जातो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही नावं वहीत लिहून ठेव. घाईत एखाद्या डॉक्टरांनी यातलं काही लिहिलं तर "हे गिनी पिगला चालतं ना?" असं नम्रपणे विचार. त्यात त्यांचा अपमान होत नाही.

याला जोडून एक इतिहास सांगतो, तुला आवडेल. मे 1940 मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनची पहिली खरी परीक्षा घेतली ती आठ उंदरांवर. आठांनाही जंतू टोचले, चौघांना औषध दिलं. औषधाविना राहिलेले चार मेले. पुढे 1943 मध्ये तेच पेनिसिलिन गिनी पिगला टोचून पाहिलं गेलं, तेव्हा औषधानेच गिनी पिग मरायला लागले. ऑक्सफर्डच्या त्या पिंजऱ्यात उंदरांऐवजी बुंदीचे भाऊबंद असते, तर पेनिसिलिन विष म्हणून फडताळात पडलं असतं, अशीही शक्यता होती.

माझी सारी नोकरी एका औषध कंपनीच्या प्राणीगृहात गेली, हे तू जाणतेस. तिथले गिनी पिग कोणाच्या घरी जात नसत. त्याबद्दल तुला विचारायचं असेल ते समोरासमोर विचार, पत्रात नको. पण तिथे एक गोष्ट हाडीमाशी खिळली. हा प्राणी आजार लपवतो. अँडीजच्या डोंगरात, पेरूच्या बाजूला, तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, तरी शिकार होण्याची भीती त्याच्या अंगातून गेलेली नाही. तो आजारी दिसतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून तुझं ते "नुसतं बघणं" हे काम आहे, आणि ते नीट केलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

बघायचं कसं, ते सांगतो. पिंजऱ्यापासून हातभर लांब बस, हात लावू नकोस. बुंदी स्वस्थ असताना तिच्या कुशीकडे बघ, आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुण. निरोगी गिनी पिग मिनिटाला साधारण 40 ते 100 वेळा श्वास घेतो, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आकडा ऐकून घाबरू नकोस, श्वासाला कष्ट पडतायत का ते बघ. प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जातंय का, मान पुढे ताणली आहे का, अंग फुगवून कोपऱ्यात कुबड काढून बसली आहे का. मग उचलून तिची कूस कानाजवळ घे. निरोगी छाती जवळजवळ गप्प असते. कुरमुऱ्यांची पुडी हळूच दाबावी तशी चुरचुर आली, तर ते लिहून ठेव. आनंदाने घुरघुरते तो आवाज वेगळा, त्यात सगळं अंग थरथरतं, तुला तो ओळखीचा आहेच. एखादी शिंकही काळजीची नाही. गवताच्या धुळीने शिंका येतात. डोळ्यांतून कधीमधी येणारं पांढरं दुधासारखं पाणी तिच्या तोंड धुण्याचं असतं. नाकाशी आणि डोळ्यांशी चिकट पिवळट खपल्या दिसल्या, तर मात्र ते दुखणं समज. आणि हे सगळं मोबाइलवर मिनिटभर टिपून ठेव. दवाखान्यात पोचल्यावर भेदरलेलं जनावर वेगळाच श्वास घेतं. घरचा व्हिडिओ डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

नाकाचं काम तुझ्या हातात आहे, आणि ते मोलाचं आहे. गिनी पिग नाकानेच श्वास घेतो. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडतो, त्याला ते सहज जमत नाही. म्हणून नाकपुडीवर धरलेली खपली म्हणजे दारात पडलेला धोंडा. मऊ सुती कापड कोमट साध्या पाण्यात भिजवून पीळ, खपलीवर क्षणभर टेकवून ठेव, ती मऊ झाली की बाहेरच्या बाजूला पुसून घे. ओढून काढायची नाही. नाकात थेंब, तेल, तूप काही घालायचं नाही. दर वेळी कापड नवं.

आणि हेच उलटं बघ. नाकाने श्वास घेणारा प्राणी तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, हिरड्या किंवा जीभ निळसर-करडी पडली, किंवा अंग ढिलं पडलं, तर सोमवार नाही, सकाळही नाही. रात्री गाडी काढायची. शनिवारी बुंदी कोथिंबीर खात होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं, म्हणून मी थांब म्हणालो. ती खात नसती तर मी आईलाच फोनवर बोलावलं असतं.

खाण्याची गोष्ट छातीइतकीच मोठी आहे. गिनी पिगचं पोट सतत चालू लागतं. अर्धा दिवस काही पोटात गेलं नाही तरी आतडं थंडावायला लागतं, मग वायू धरतो, आणि मूळ आजार बरा होण्याजोगा असला तरी जनावर हातचं जातं. आधी तिच्या आवडीचं नाकापुढे धर: कोथिंबीर, काकडीची चकती, ढोबळी मिरचीची फोड. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की ती खात नाही, म्हणून नाक पुसून लगेच खायला दे. तरीही नाहीच, तर तिचे रोजचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून कुस्कर, गाळण्याने गाळ, आणि बिनसुईच्या सिरिंजने दे. तिला टॉवेलात सैल गुंडाळून मांडीवर सरळ बसव, पाठीवर कधीच नाही. सिरिंज समोरून नाही, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने घालायची. अर्धा मिली ढकललास की थांब, चावून गिळू दे, मग पुढचं. दोन-तीन तासांनी पुन्हा, रात्रीसुद्धा. मात्र श्वासाला कष्ट पडत असतील तर ही जबरदस्ती करायची नाही. तो घास फुप्फुसात गेला तर न्यूमोनियावर न्यूमोनिया. अशा वेळी खाण्याचं डॉक्टरांवर सोड आणि लवकर नीघ.

ढोबळी मिरचीचा आग्रह का, तर हा प्राणी आपल्यासारखाच अंगात क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य खाऊ घातलं आणि त्यांना भलताच रोग झाला, खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही. त्यातूनच पुढे क जीवनसत्त्वाचा माग लागला. गिनी पिगला रोज किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, आजारात जास्तच. पाण्यात थेंब टाकू नकोस, ते तिथे लवकर नासतं आणि चव बदलली की ती पाणीच पीत नाही. पेरूची बारीक फोड अधूनमधून चालेल.

आता जे करायचं नाही ते. छातीला बाम, कापूर, निलगिरी, ओव्याची धुरी, वेखंड, यातलं काही नाही. आजी प्रेमाने सुचवेल. तिला माझं नाव सांग, ती माझ्यावर रागावेल, तुझ्यावर नाही. खोकल्याचं औषध, पॅरासिटामॉल, तुळशीचा काढा, मध, हेही नाही. बाथरूममध्ये वाफ करून त्यात बसवण्याची पद्धत काही लोक सांगतात, पण कोकणातल्या दमट हवेत वाफेने गुदमरण्याची भीती जास्त. डॉक्टरांनी सांगितलं तरच करायचं. तिची खोली 18 ते 24 अंशांच्या आसपास असावी, हे तुमच्याकडे पावसाळ्यात कसंबसं जमेल. अंग गार लागलं तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात ठेव, नकोशी झाली की तिला सरकता यावं. उलट मे महिन्यात धाप लागली, लाळ गळली, तर तो सर्दीचा नाही, उन्हाचा प्रकार असू शकतो. मग सावली, पंख्याची मंद हवा, कानांना ओलं फडकं. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

पिंजरा स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे म्हणालीस. तो हलव. लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो, तिला किती लागत असेल. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांच्यापासूनही लांब. देवदार-पाइनचा भुसा अंथरू नकोस, त्याच्या वासाचं तेल छातीला बाधतं. सुती किंवा फ्लीसचं कापड अंथर आणि ओलं झालं की लगेच बदल. मुताचा उग्र वास तुला आला, म्हणजे तिची छाती केव्हाची ती हवा ओढतेय.

शेजारच्या कुत्र्याला मध्यंतरी कोरडा खोकला झाला होता ना? बोर्डेटेला नावाचा जंतू कुत्र्यांना असा खोकला आणतो, कधी कुत्र्यात नि सशात नुसताच बसून राहतो, आणि गिनी पिगला त्यानेच न्यूमोनिया होतो. बुंदीला तिथून आलं असं मी म्हणत नाही. पण त्याला कुरवाळून आलीस की हात धुतल्याशिवाय तिला उचलू नकोस.

डॉक्टरांना फोन करताना पहिला प्रश्न हाच: "गिनी पिग बघता का?" गाईम्हशी उत्तम बघणारे डॉक्टर इथे हात आखडता घेतात, आणि ते प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. कऱ्हाडला नाही जमलं तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मुंबईत परळचं, 1886 सालचं. तिथे कोण हा प्राणी बघतं ते आत्ताच, ती बरी असताना विचारून ठेव. घाटातून नेताना जाळीचा खोका, खाली तिचंच रोजचं कापड, मूठभर गवत, वरून अर्ध्या भागावर पातळ फडकं. मांडीवर धरून नेऊ नकोस. घाबरलेलं जनावर छातीशी दाबून धरलं की त्याचा श्वास आणखी कोंडतो.

डॉक्टरांनी बुंदीला दिलेलं एन्रोफ्लोक्सासिन बाटलीत उरलं असेल तर पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवू नकोस. मात्रा तिच्या त्या दिवशीच्या वजनावर ठरली होती. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मात्र पूर्ण कर, मध्येच टवटवीत दिसली तरी.

आईबाबांना नमस्कार, दादाला आशीर्वाद.

तुझे,
मामाआजोबा

ता. क. पोळ्यांच्या कणकेचा काटा आहे ना, त्यावर वाडगं ठेवून रोज सकाळी बुंदीचं वजन घे आणि वहीत मांड. दवाखान्यात 940 ग्रॅम भरली होती. 900 च्या खाली गेली तर आधी डॉक्टरांना फोन, मग मला.