मणका, प्रयत्न आणि फलाशा

चेन्नईतल्या गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात १५ जून २०२३ रोजी तमिळनाडू सरकारचे एक हजार खाटांचे रुग्णालय सुरू झाले. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियांचा विभाग तिथे आहे. अशा कुठल्याही विभागात मणक्याचे ऑपरेशन झाले की रुग्ण आणि घरचे विचारतात, ‘पूर्ण बरं कधी वाटणार?’ प्रश्न डॉक्टरांना केलेला असला तरी मुळात तो गीतेचा आहे: कर्म आपले, मग फळ कुणाच्या हाती? फलाशा सोडण्याची शिकवण या रुग्णाच्या फार उपयोगाची आहे, मात्र तिचा अर्थ हातपाय गाळणे असा केला तर तीच त्याचे नुकसान करील.

शरीर काय सांगते ते आधी पाहू. सरकलेली चकती काढून नसेवरचा दाब दूर केला की पायातली कळ पुष्कळदा लवकर ओसरते. कित्येकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. बधिरपणा आणि अशक्तपणा मात्र रेंगाळतात, कारण पायाकडे जाणाऱ्या नसेतला तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले की महिने का लागतात हे उमगते. शिवाय कधी कधी तो पुरता सावरतही नाही. मणके स्क्रूंनी सांधले असतील तर हाड धरायला सहा महिने ते वर्ष जाते. स्क्रू नुसता आधार देतात, सांधते ते शरीरच. म्हणजे फळावर शल्यविशारदाचाही हक्क नाही. रुग्णाच्या हाती उरते ते एवढे: खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून कूस बदलणे, वाकून वजन न उचलणे, कंबरेला पीळ न देणे, रोज थोडे थोडे चालणे आणि तंबाखू सोडणे, कारण निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. बऱ्या दिवसामागून वाईट दिवस येतो, तेव्हा फळाकडे डोळे लावून बसलेला माणूस खचतो आणि चालणेच सोडतो.

यावर कुणी म्हणेल, आशाच काढून घेतली तर रुग्णाने उठावे कशासाठी? पण दिशा ठेवणे वेगळे आणि तारखेला अडून बसणे वेगळे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचा पुरस्कार केला, संन्यासाचा नव्हे, फळाची आसक्ती सुटली म्हणजे काम सुटले असे त्यात कुठेही नाही. दुसरा आक्षेप आपल्या घरांत अधिक ऐकू येतो: हे मागच्या जन्मीचे भोग, ते भोगूनच संपायचे. हा विचार मला क्रूर वाटतो आणि परंपरेलाही तो धरून नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य ठरलेलेच असते का, असा प्रश्न शिष्य अग्निवेश करतो. गुरू आत्रेयांचे उत्तर असे की, सारे आधीच ठरले असते तर औषधाला आणि मंत्राला अर्थच उरला नसता. दैव आणि पुरुषकार दोन्ही लागतात आणि दुर्बळ दैवावर बलवान प्रयत्न मात करतो.

सर्वांत अवघड आक्षेप, ज्याचे पाय परत येतच नाहीत त्याचा. त्याला प्रयत्नाची शिकवण देणे ही थट्टा नव्हे का? गिंडीला लागूनच असलेल्या आयआयटी मद्रासने २०१९ मध्ये ‘अराइज’ ही उभे राहता येणारी चाकांची खुर्ची पुढे आणली. मज्जारज्जू तिने बरा होत नाही, पण बसलेला माणूस समोरच्याच्या उंचीला येतो. फळ बदलले तरी कर्माला जागा उरते, आणि ती जागा करून देणे हे बाकीच्यांचे कर्तव्य आहे. म्हणून घरच्यांना विनंती: ‘कधी बरा होणार?’ असे रोज विचारू नका. आज किती चाललास, ते विचारा. आणि लघवी अडली, जांघेत नव्याने बधिरपणा आला, ताप चढला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागले तर नशिबावर न सोडता त्याच घटकेला रुग्णालय गाठा.