आरोपावाचून सुटका

तुरुंगातून बाहेर पडलेल्या माणसाविषयी मराठीत दोन प्रकारे बोलले जाते. तो ‘सुटला’ असे म्हणतात, किंवा ‘निर्दोष सुटला’ असे म्हणतात. पहिल्या शब्दात दार उघडल्याची वार्ता तेवढी आहे; दुसऱ्यात त्याच्यावरचा बोल परत घेतल्याची कबुली आहे. युद्धकाळात स्थानबद्ध केलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा पहिलाच शब्द येतो. त्याच्यावर खटला झालेला नसतो, म्हणून निकालही नसतो. ज्याच्यावर आरोपच ठेवला गेला नाही, त्याला निर्दोष कोणी ठरवावे? हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही, हे १९६२ च्या चीन युद्धात पकडल्या गेलेल्या चिनी वंशाच्या भारतीय रहिवाशांच्या परतण्यावरून ध्यानात येते.

आसामात चहाची लागवड सुरू झाली तेव्हा, १८३० च्या दशकात, ब्रिटिशांनी चिनी कामगार आणले. त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या वंशजांनी स्थानिक कुटुंबांशी सोयरिकी केल्या, माकुमसारख्या गावांत दुकाने थाटली. कित्येकांनी चीन पाहिलेलाही नव्हता. १९६२ च्या ऑक्टोबरात आणीबाणी पुकारली गेली आणि परकीयांविषयीच्या कायद्याची व्याप्ती वाढवण्यात आली. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी शत्रुदेशाचे नागरिक असले, तरी तो कायदा आता लागू होऊ शकत होता. माणसाची निष्ठा त्याच्या कृतीवरून नव्हे, तर आजोबांच्या जन्मगावावरून मोजली जाऊ लागली. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून सुमारे ३,००० माणसांना, बायकामुलांसकट, कित्येक दिवसांच्या रेल्वेप्रवासाने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले.

ही छावणी ब्रिटिश अमदानीत राजबंद्यांसाठी वापरलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात श्रीपाद अमृत डांगे आणि जयप्रकाश नारायण तेथे होते. पण त्या दोघांना आपण का कोंडले गेलो हे ठाऊक होते. त्यांची कैद ही त्यांनी जाणूनबुजून केलेल्या कृतीची किंमत होती, आणि म्हणूनच ती भूषणही ठरू शकली. माकुमच्या दुकानदारापाशी असे काहीच नव्हते. त्याने काही केले नव्हते. त्यामुळे अभिमानाने सांगावे किंवा पश्चात्तापाने कबूल करावे, असे त्याच्या कैदेत काही उरत नव्हते. शिवाय युद्धविराम २१ नोव्हेंबर १९६२ रोजी झाला. युद्ध जेमतेम महिनाभराचे, आणि छावणीतून शेवटची माणसे बाहेर पडली ती १९६७ साली! युद्धाची निकड हे कारण तोवर कधीच संपून गेले होते. उरला होता तो केवळ संशयाचा सराव.

बरेच जण १९६३ साली जहाजांनी चीनला गेले. जे राहिले त्यांची सुटका टप्प्याटप्प्याने झाली. पण परतून जायचे कोठे? माकुममध्ये त्यांची मालमत्ता शत्रूची म्हणून लिलावात विकली गेली होती. मूळ गावी जाण्याची सर्वांना मुभाही नव्हती. जे कोठे स्थिरावले, त्यांच्यामागे पोलिसांकडील हजेरी लागली.

येथे नैतिक प्रश्न शासनाकडून शेजाऱ्याकडे सरकतो, आणि तेथे तो अधिक अवघड होतो. लिलावात घर घेणाऱ्याने कायदा मोडला नाही. त्याने पैसे मोजले, पावती घेतली. त्याने छळही केला नाही. परंतु ते घर कोणाचे हे त्याला माहीत होते. कदाचित त्या घरात त्याने चहाही घेतला असेल. शासन विसरू शकते, कारण शासनाला चेहरा नसतो. शेजाऱ्याला मात्र परतलेला माणूस रस्त्यात भेटतो. अशा वेळी शेजाऱ्याला एक सोयीचा आधार सापडतो: काहीतरी असल्याखेरीज सरकार का पकडेल? म्हणजे जो आरोप शासनाने कधी उच्चारला नाही, तो शेजाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो, कारण त्यावाचून त्या पावतीशी सुखाने नांदता येत नाही.

युद्धकैदेतून परतलेल्यांत आपल्या परंपरेला सर्वात परिचित अशी व्यक्ती सीता आहे. तिची कैद शत्रूकडची होती. देवळीची कैद स्वकीयांकडची, हा फरक मोठाच. तरी तिच्यावरचा संशय उघड बोलला गेला, आणि त्याला उत्तर म्हणून तिला दिव्य करता आले. ते दिव्यही लोकापवादापुढे पुरे पडले नाही, ही गोष्ट वेगळी. देवळीहून आलेल्यांना अग्नीही मिळाला नाही. अनुच्चारित आरोपाला उत्तर देण्याची जागाच नसते, म्हणून तो माणूस आयुष्यभर सौम्यपणे, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा वागत राहतो. आणि त्या वागण्यालाच लोक पुन्हा त्याचा स्वभाव समजतात.

अमेरिकेने युद्धकाळात कोंडलेल्या जपानी वंशाच्या आपल्या रहिवाशांची १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊ केले. रकमेपेक्षा त्या कायद्यातील कबुली महत्त्वाची होती: आरोपाला आधार नव्हता, हे आरोप करणाऱ्यानेच सांगितले. आपल्याकडे हा विषय दीर्घकाळ साहित्यानेच सांभाळला. रीता चौधुरी यांची ‘माकाम’ ही असमिया कादंबरी २०१० साली आली, तेव्हा खुद्द आसामातल्या अनेक वाचकांना आपल्याच गावांची ही हकिगत नव्याने कळली. देवळीतून सुटलेल्यांपैकी अनेक जण एव्हाना कॅनडात टोरांटोच्या परिसरात स्थायिक झाले होते. तेथून त्यांनी भारत सरकारकडे दिलगिरीची मागणी केली. ज्या देशाने त्यांना शत्रू मानले, त्याच्याचकडे ती मागणी जावी, यात त्यांचे घर त्यांच्या लेखी कोठे होते, तेही आले.