भाताचे सत्त्व आणि आमचा दोष

अन्नाचे सत्त्व उणे झाले तर दोष कोणाचा? भिवंडी तालुक्यात पडघ्याकडे कीर्तनात आम्ही बेधडक सांगून टाकले, "युरियाने भाताचे सत्त्व गेले!" माना डोलल्या. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी पाया पडून म्हणाले, "बुवा, युरियावाचून घरादाराला वर्षाचं भात कसं पुरवू, तेवढं सांगा."

आम्ही निरुत्तर झालो. मग जाणत्यांना विचारले, तेव्हा आमचेच अज्ञान उघडे पडले. युरियात शेकडा 46 भाग नत्र. आणि दाण्यातले प्रथिन बनते ते नत्रापासूनच! बेताने दिल्यास प्रथिन वाढते, घटत नाही. खोट आहे ती एकट्या नत्रावर भिस्त ठेवण्यात. पीक बळावते, पण जमिनीत जस्त कमी असले तर तेवढेच जस्त अधिक दाण्यांत वाटले जाते. माप भरते, दाणा उणा राहतो. अति झाले की पीक लोळते, कीड पडते, ते निराळेच. 2015 पासून देशात होणाऱ्या साऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात. त्याने नत्र सावकाश सुटते, वाया कमी जाते. जस्त काही त्यातून मिळत नाही. त्याला शेणखत हवे, गिरिपुष्पाचा पाला हवा, माती तपासून लागेल तिथे जस्तही घालावे लागते.

आणि सज्जनहो, आपले पान? पांढराशुभ्र भात हवा म्हणून आपण गिरणीत कोंडा काढवतो; ब जीवनसत्त्व आणि बरेचसे लोह त्याबरोबरच जाते. त्या रात्री पंगतीत तसलाच भात होता. आम्ही तो दोनदा मागून घेतला.