दुःखाचा धनी कोण

वयात येणाऱ्या मुलाचे मन बिघडले तर ते दुःख मुलाचे की घराचे, हा प्रश्न मानसिक आरोग्याच्या संशोधनात अगदी साध्या कामांतून समोर येतो. संमतीपत्रावर सही कोणाची घ्यायची? पहिल्या भेटीला कोणाला बोलवायचे? मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आईच्या कानावर घालायची का? आजी म्हणते की कुलदैवताचे काही करायचे राहून गेले आहे. ते नोंदीत कुठे लिहायचे? यांतल्या प्रत्येक उत्तराच्या पोटात माणूस म्हणजे कोण, याविषयीची एक धारणा असते. ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. निरनिराळ्या समाजांतल्या कुटुंबांना उपचारात सामील करून घेण्याचे प्रयत्न पुष्कळदा पहिल्याच पायरीवर अडतात, त्याचे एक कारण हे आहे.

संशोधनाची आधुनिक नीती व्यक्तीला एकक मानते आणि त्यामागे भयंकर इतिहास आहे. नाझी छळछावण्यांतील वैद्यकीय प्रयोगांवरच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहितेने, ज्याच्यावर प्रयोग व्हायचा त्याने स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट ठरवली. अमेरिकेत टस्कगी येथे १९३२पासून ४० वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहिला गेला. ते उघडकीस आल्यावर १९७९च्या बेल्मॉन्ट अहवालाने व्यक्तीविषयीचा आदर हे तत्त्व अग्रभागी ठेवले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही याच वाटेने जातात: अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते, पण ७ वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा, आणि १२ वर्षांपुढे तो लेखी घ्यायचा. कोणाच्याही भल्यासाठी दुसऱ्याचे शरीर परस्पर वापरले जाऊ नये, ही यामागची कळकळ आहे. कोणत्याही संस्कृतीच्या नावाखाली ती सैल करता येणार नाही.

अडचण येते ती मनापाशी. शरीराला कातडीची हद्द आहे; मनाची हद्द कुठे संपते हे सांगता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलाची झोप उडण्याचे कारण वडिलांच्या सुटलेल्या नोकरीत असू शकते, आईच्या अबोल्यात असू शकते, घरात कधीच न उच्चारल्या जाणाऱ्या एखाद्या मृत्यूत असू शकते. उपचार मात्र त्या मुलाला एकट्याला खुर्चीत बसवून सुरू होतो.

या कोड्याचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा झाला तो मायामीत. १९५९च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेली लाखो माणसे फ्लोरिडात स्थायिक झाली. मुले शाळेत जाऊन झपाट्याने इंग्रजी आणि अमेरिकी रीतिरिवाज उचलू लागली. आईवडील स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत, जुन्या वळणाने राहिले. वयात येताना पालक आणि मुले यांच्यात पडणारे नेहमीचे अंतर इथे दुप्पट झाले. पालक जितके आवळत गेले तितकी मुले निसटत गेली, आणि त्या निसटण्याला अमली पदार्थांची वाट सापडली. मायामी विद्यापीठातील होसे सापोच्निक या संशोधकाने १९७०च्या दशकात या कुटुंबांसोबत काम सुरू केले. ते स्वतः क्यूबात जन्मलेले. साल्वादोर मिनुचिन यांनी घडवलेल्या कुटुंबोपचाराचा आधार घेऊन त्यांच्या गटाने थोडक्या भेटींत संपणारी एक पद्धत बसवली. पद्धत चांगली होती, पण कुटुंबे येतच नव्हती.

अशा वेळी दवाखाने ठरलेले उत्तर देतात: पालकांना पर्वा नाही, अशिक्षितपणा आहे, लाज आहे. सापोच्निक यांच्या गटाने ते उत्तर नाकारले. त्यांचे म्हणणे असे की, घरातली जी गाठ मुलाला नशेत अडकवून ठेवते तीच कुटुंबाला दवाखान्यापासून लांब ठेवते. म्हणून उपचार पहिल्या भेटीत सुरू होत नाही, पहिल्या फोनवरच सुरू होतो. फोन बहुतेक वेळा आईचा. ती मदत मागते आणि त्याच दमात सांगते की, नवरा येणार नाही, त्याला या गोष्टी पटत नाहीत. एरवी तिला सांगितले जाई, सगळ्यांना घेऊन या. म्हणजे जे तिला घरात वर्षानुवर्षे जमलेले नाही तेच उपचाराची पूर्वअट म्हणून तिच्या गळ्यात टाकले जाई. नव्या रीतीत उपचारक तिच्याशी बोलून तिच्या परवानगीने वडिलांशी स्वतः संपर्क करी. वडिलांना का यावेसे वाटत नाही, आल्याने त्यांना काय मिळायला हवे, हे त्यांच्याच तोंडून ऐके. काही घरांत सगळी सूत्रे मुलाच्याच हातात असत. तिथे आधी मुलाला भेटून त्याचा मान राखला जाई. काही घरांत एखादे गुपित फुटण्याची धास्ती असे. तिथे काय बोलायचे नाही हे आधीच ठरवून घेतले जाई.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०८ कुटुंबांवर ही तुलना झाली. नेहमीच्या पद्धतीत ४२ टक्के कुटुंबे उपचारात आली, नव्या पद्धतीत ९३ टक्के. उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. हे आकडे आजही बेचैन करणारे आहेत, कारण ‘न येणारी’ म्हणून ज्या कुटुंबांची नोंद होत होती त्यांतली बहुसंख्य यायला तयार होती. नकार कुटुंबाच्या स्वभावात होता असे मानण्यात सोय होती, एवढेच.

याच गटाचा १९८९चा आणखी एक अभ्यास तत्त्वचिंतकांनी वाचावा असा आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलग्यांपैकी काहींवर एकेकट्याने उपचार झाले, तर काहींवर कुटुंबासह. दोन्ही प्रकारांत मुले सुधारली. पण वर्षभराने पाहिले तेव्हा ज्यांच्यावर एकट्याने उपचार झाले होते त्यांच्या घरांतले नातेसंबंध आधीपेक्षा बिघडले होते. कुटुंबासह उपचार झालेल्यांचे सुधारले होते. मूल बरे झाले आणि घर आजारी पडले, तर उपचार यशस्वी झाला म्हणायचे का? व्यक्ती हेच एकक मानले तर हो. पण ज्या घरात ते मूल रोज परत जाते त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नाही. याच्या उलट बाजूचा पुरावाही याच गटाने दिला. संपूर्ण कुटुंब न आणता एका सदस्याबरोबरच, पण कुटुंब सतत नजरेसमोर ठेवून काम केले, तरी घरात जवळपास तितकाच बदल घडतो असे त्यांना दिसले. तेव्हा कुटुंबाचा सहभाग खोलीतल्या खुर्च्या मोजून ठरत नाही. एकटा बसलेला मुलगाही घर मनात घेऊनच बसलेला असतो.

भारतात हे ज्ञान सिद्धांताच्या आधी गरजेतून आले. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आवारातच तंबू ठोकले, आणि कुटुंबे रुग्णांसोबत राहू लागली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही १९५७पासून कुटुंबाने सोबत राहण्याची रीत आहे. दाराशी सोडून दिलेला माणूस आणि तंबूतल्या चुलीजवळ बसलेला माणूस यांच्या आजाराचे नाव एक असले तरी त्यांचे भवितव्य वेगळे असते.

धर्माचा प्रश्न याच्या आणखी आतला आहे. न्यूझीलंडमधील माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८०च्या दशकात आरोग्याचे जे प्रारूप मांडले त्यात चार भिंतींचे एक घर आहे: शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक बाजू. एक भिंत खचली तर घर उभे राहत नाही. पूर्वज, भूमी आणि अदृश्याशी असलेले नाते ही यातली एक भिंतच आहे. वैद्यकाला वेळ उरला तर बघण्याची ती बाब नाही. हे मान्य केल्यावर संशोधकासमोर खरा पेच उभा राहतो. कुटुंबाचा जगाविषयीचा समज त्याने आदरपूर्वक ऐकायचा, की खरा मानायचा?

मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात एक मार्ग सुचवला: रुग्णाला आणि घरच्यांना विचारा, याला तुम्ही काय म्हणता, हे कशाने झाले, आत्ताच का झाले, याची सर्वांत मोठी भीती कोणती. २०१३ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत अशा १६ प्रश्नांची मुलाखत आली, आणि नातेवाइकांसाठी तिचा वेगळा नमुनाही. तिच्या क्षेत्रीय चाचण्या ज्या ठिकाणी झाल्या त्यांत पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्र होते. महाराष्ट्रातल्या बाह्यरुग्ण विभागात असे प्रश्न अनोखे वाटत नाहीत. आई सांगते, दहावीपासून टेन्शन घेतो. मामा सांगतो, अमावस्येला जास्त होते. वडील फाइल हातात धरून दाराशी उभे असतात आणि मुलगा फरशीकडे पाहत असतो. तिघाही मोठ्यांना बोलू दिले तर तीन कारणे हाती येतात, आणि तिन्हींत थोडीथोडी अपराधाची भावना असते. नवस फेडला नाही, ही खंत सांगणारी आजी आजाराचे कारण चुकीचे सांगत असेल. पण मुलासाठी आपण कमी पडलो, हे तिचे सांगणे खरे असते. ऐकणे आणि मान्य करणे यांतला फरक नेमका इथे आहे. कारणाविषयी मतभेद ठेवूनही त्या खंतीला उत्तर देता येते.

आदराला मर्यादा असते, हे मात्र तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. ऑगस्ट २००१मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथे साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांपैकी २५हून अधिक होरपळून मेले. बहुतेकांना त्यांच्या घरच्यांनीच श्रद्धेने तिथे आणले होते. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. श्रद्धेचे स्पष्टीकरण ऐकून घेता येते. साखळी ऐकून घेता येत नाही.

आणि कुटुंब म्हणजे एक आवाज नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा संविधानाने गावाला बाजूला सारून व्यक्तीला एकक मानले याचे स्वागत केले. गावाविषयी बोलताना त्यांच्यासमोर जातीचा अनुभव होता: समूहाचा गौरव करणाऱ्यांना त्या समूहात तळाशी असलेल्याचे जगणे दिसत नाही. हा युक्तिवाद घराच्या उंबऱ्यावर थांबवण्याचे कारण नाही. जातीबाहेर प्रेम करणारी मुलगी किंवा समलिंगी मुलगा यांच्यासाठी ‘कुटुंबाला सामील करून घेऊ’ हे वाक्य धमकीसारखे असू शकते.

म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधक केटलिन रायन यांचे काम मोलाचे आहे. २००९ साली त्यांच्या गटाने २१ ते २५ वयाच्या २२४ गोऱ्या आणि लॅटिनो समलिंगी व उभयलिंगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात घरून तीव्र झिडकारले गेलेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, अजिबात न झिडकारलेल्या किंवा कमी झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट आढळले. इथून निष्कर्ष सहज निघाला असता की, धार्मिक कुटुंबांपासून या मुलांना दूर करा. रायन यांनी उलट दिशा धरली. झिडकारणारे पुष्कळ पालक आपण मुलाला वाचवतो आहोत अशा समजुतीत असतात, हे त्यांनी ओळखले. मॉर्मन पंथाच्या कुटुंबांसाठी तर त्यांनी वेगळी पुस्तिका केली. त्यात श्रद्धा सोडा असे सांगितले नाही. कोणत्या वागण्याने मुलाच्या जिवाला धोका वाढतो आणि कोणत्या वागण्याने कमी होतो, एवढे दाखवले. मित्रांना घरी येऊ न देणे, देव शिक्षा करील असे म्हणणे ही नुकसान करणारी वागणूक. पटत नसतानाही मुलाचे बोलणे ऐकून घेणे, नातेवाइकांनी अपमान केला तर त्याच्या बाजूने उभे राहणे ही आधाराची. पाप कशाला म्हणायचे हा वाद जिथल्या तिथे राहिला, आणि मुलगा जेवणाच्या ताटावर परत आला तर तेवढेही पुष्कळ. धर्मशास्त्राचा निवाडा न करता धार्मिक कुटुंबाशी प्रामाणिकपणे बोलता येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

भारतातला कायदा व्यक्ती आणि कुटुंब या दोन्ही टोकांमध्ये वाट काढतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार प्रौढ व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू शकते; तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. अठरा वर्षांखालील मुलासाठी हे स्थान कायदेशीर पालकाकडे जाते. मुलाला दाखल करावे लागले तर त्या प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने पूर्ण काळ तिथेच राहायचे; मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवी. अमृतसरचे तंबू इथे कायद्यात शिरलेले दिसतात. उलट शाळांतल्या कामाचा कल मुलांच्या स्वतःच्या खोलीकडे आहे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेशी जोडलेल्या ‘प्राइड’ प्रकल्पात दिल्लीच्या ६ सरकारी शाळांतील २५० विद्यार्थ्यांसोबत प्रश्न सोडवण्याचे कौशल्य शिकवणारा छोटा उपक्रम तपासला गेला. तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी आणि त्याही शाळेतच. ज्या वयात ‘घरी सांगू नका’ ही पहिली विनंती असते त्या वयासाठी ही रचना समजूतदार आहे, आणि सापोच्निक यांच्या एका माणसाबरोबरच्या कुटुंबोपचाराची आठवण ठेवली तर तिच्यातून घराशी नाते तुटतेच असेही नाही.

अशा कामात गुप्ततेचा करार कुटुंबाशी एकदाच करून भागत नाही. काय फक्त मुलाचे राहील, काय सर्वांसमोर बोलले जाईल, आणि जिवाला धोका असेल तेव्हा कोणाला सांगितले जाईल, हे मुलाला आणि पालकांना एकाच शब्दांत आधी सांगावे लागते. अभ्यास चालू असताना मूल १८ वर्षांचे झाले तर संमती नव्याने घ्यावी लागते, ती आता त्याची एकट्याची. पण त्याआधी आईने त्याच्याविषयी आणि त्याने आईविषयी जे सांगितलेले असते ते एकाच फाइलमध्ये असते. ते वाचण्याचा, खोडण्याचा, मागे घेण्याचा हक्क दोघांपैकी कोणाचा, याचे उत्तर प्रत्येक नीतिसमितीला त्या त्या घराकडे पाहूनच द्यावे लागते.