‘व्यसन : नाही’

रुग्णाची हकिगत लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे वय, धंदा, तक्रार यांच्याखाली व्यसनाचा रकाना येतो. पाठ्यपुस्तकानं त्याला हिशेब शिकवलेला असतो सिगारेटचा: रोज किती पाकिटं, किती वर्षं. कोल्हापुरात एवढ्या शिदोरीवर वॉर्डात उतरलेल्या पोराच्या हाती फारसं लागत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे त्यात अवघे ३.८ टक्के, चघळणारे-लावणारे २४.४ टक्के. (काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही.) म्हणजे ‘ओढता का?’ एवढंच विचारलं, की बहुतेक तंबाखू केसपेपरबाहेरच राहते.

कागलकडची पन्नाशीची बाई डोळ्यांपुढे आणा. ‘काही व्यसन?’ ‘न्हाई ओ डॉक्टर, कसलं व्यसन?’ ती खोटं बोलत नसते. त्याच पोरानं ‘मावशी, दात कशानं घासता?’ असं विचारलं, की कनवटीची डबी निघते. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, म्हणजे मिश्री. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी डोकं धरतं म्हणून पुन्हा. हिला काळवंडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवून काय उपयोग? बोलणं सुरू व्हायला हवं ते तिच्या पोटापासून. मिश्री सोडल्यावर सुरुवातीचे दिवस पोट अडेल, चिडचिड होईल, झोप उडेल, हे आधीच सांगितलं नाही, तर चौथ्या दिवशी डबी परत कनवटीला येते.

शिकवायच्या पायऱ्या जगभर ठरलेल्या आहेत: विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा बोलवा. आपल्याकडे पहिल्या दोनवर गाडी थांबते. खरी ताकद शेवटच्या पायरीत आहे, असं मला वाटतं. १९७९ साली मायकेल रसेल यांनी लंडनच्या फॅमिली डॉक्टरांकडच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी वर्षभर सिगारेट सुटलेले ३.३ टक्के, सल्ल्याबरोबर पत्रक आणि ‘पुन्हा विचारणार आहे’ अशी पूर्वसूचना मिळालेले ५.१ टक्के. काहीच न सांगितलेल्यांत ०.३. आकडे किरकोळ वाटतात, पण खर्च दोन मिनिटांचा होता.

पण पुन्हा विचारणार कोण? ओपीडीत पुढच्या खेपेला पोस्टिंग बदललेली असते, समोर नवा चेहरा. इथं २०२२पासूनचा कुटुंब दत्तक कार्यक्रम कामाला येतो. पहिल्या वर्षापासून विद्यार्थी गावातल्या ठरावीक घरांत पुन्हा पुन्हा जातो. रक्तदाब, वजन मोजून वही भरून परतण्यापेक्षा त्यानं त्या घरातली तंबाखू सोडवणं आपलं काम मानावं. अर्थात, घर निपाणी भागातलं असेल तर तोंड सांभाळून. तिथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी मोठं आंदोलन केलं; चुलीला आधार देणाऱ्या पिकाला विष म्हणणाऱ्याला तिथं चहा मिळायचा नाही.

तंबाखूच्या पुड्यावर १८००-११-२३५६ हा मदतीचा फोन छापलेला असतो. तो नुसता वाचून दाखवू नये, बाईशेजारी बसून लावून द्यावा. आणि तोंडी परीक्षेत निकोटिनचं रसायनशास्त्र विचारण्याआधी परीक्षकानं एवढं विचारावं: तुमच्या दत्तक घरातल्या मिश्री लावणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा कधी भेटलात, आणि ती काय म्हणाली?